तेवीस किलो

विमानात तेवीस किलो नेता येतात.
मोंढ्यातल्या इस्माईलच्या काट्यावर बॅग ठेवली,
सव्वीस भरली.
सिस्टर, काय काय कोंबलंय यात?
म्हणलं, तीन किलो भीती असेल.
घरी येऊन स्वेटर काढला, शेंगदाण्याची चटणी काढली,
जाड अक्षरांचं पवित्र शास्त्र काढलं.
मग शास्त्र परत ठेवलं
आणि चटणी अर्धी.

अर्धं तिकीट माझ्या पेन्शनीचं, अर्धं ज्वारीचं.
आमच्या मंडळीतल्या बाया दळणातून एक मूठ बाजूला काढतात,
डालड्याच्या जुन्या डब्यात.
देवाची मूठ म्हणतात तिला.
तीन वर्षांच्या मुठी पोत्यांत भरल्या,
भाव पडलेला होता, तरी विकल्या.
अनसूयाबाई खरातांची बोटं संधिवातानं मिटत नाहीत,
त्यांच्या मुठीतून निम्मे दाणे सांडतात.
उरलेल्या निम्म्यावर मी कुठला समुद्र ओलांडेन,
नकाशात दाखवता येणार नाही.

मलावी कुठं आलं?
पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं.
आफ्रिकेत.
तिथं कोण आहे तुमचं?
म्हणलं, बाळंतिणी.
त्यानं पेन थांबवलं. तसा रकाना नव्हता.

मला दुसरं काही येत नाही.
बदनापूर, मंठा, भोकरदन, चौतीस वर्षं
लेकरं पायाळू आली,
गळ्यात नाळ गुंडाळून आली,
कंदिलाच्या उजेडात आली.
एकानंही येताना माझी जात विचारली नाही.
ती नंतर विचारली मोठ्यांनी,
चहाचा कप कुठला द्यायचा, तेव्हा.

मिशन कंपाउंडच्या मागं एक दगड आहे.
बोटीनं आलेली चोवीस वर्षांची मुलगी,
आठ महिन्यांत पटकीनं गेली.
शाळेत असताना आम्ही त्या दगडावर चिंचा ठेचायचो.
परवा जाऊन तो धुतला.
बाई, आता माझी पाळी, म्हणलं.
एक सरडा उठून दुसऱ्या दगडावर गेला.

रविवारी रेव्हरंड आढावांनी पेत्राचा पाठ घेतला,
नावेतून पाय बाहेर टाकणारा पेत्र.
मागच्या बाकावर पोरं कुजबुजली:
घाणेवाडीच्या तळ्यात एप्रिलात कुणीबी चालतंय की.
मला हसू आवरेना.
हसता हसताच पोटात गोळा आला:
मी तर पहिल्याच पावलाला बुडणार.
पेत्रसुद्धा बुडालाच होता.
पाठ तिथं थांबत नाही, एवढंच.

ह्यांनी जा म्हणलं नाही, नको म्हणलं नाही.
वॉर्डातल्या चादरींवर घालतात तसं
बॅगेवर लाल दोऱ्यानं माझं नाव घातलं:
फुलवंता श. निर्मळ.
रात्री दोनला उठून त्यावरनंच पुन्हा टाके घातले.
कुठं सुटलं नव्हतं.

सकाळी रिक्षा दारात फुरफुरत होती
आणि शेजारची नजमाबी धावत आली, कणकेच्या हातानं.
उजव्या दंडाला हिरवी चिंधी बांधली,
आत अकरा रुपये.
इमाम जामिन आहे, म्हणाली,
पोचलीस की पहिला गरीब भेटेल त्याला दे.
आढाव प्रार्थना करायला उभे होते.
त्यांनी पाहिलं,
आणि रिक्षाच्या चाकात हवा आहे का ते बघू लागले.

रिक्षा वळली.
भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही,
तिथल्या आयांना कळा येतात तेव्हा
त्या कुणाचं नाव घेऊन ओरडतात, तेही नाही.
मी दंडावरची गाठ चाचपत बसले.

आणि नजमाबी,
तिथं उतरल्यावर
पहिली गरीब मीच निघाले तर?