रंगारीचं नाक

दीड वर्ष झालं, रंगारीला वास येत नाही.
ताप उतरला, खोकला गेला,
नाक तेवढं गेलं ते गेलंच.
गॅस उघडा राहिला तरी कळत नाही,
म्हणून बायको बाहेर पडताना
सिलिंडर बंद करते, वर चिठ्ठी लावते:
हात लावू नका.

शनिवारी इफ्फत म्हणाली,
"डॉक्टर गेले खड्ड्यात. चला इतवारीत."

चार माणसं, दोन स्कूटर,
पौनीकरच्या खिशात ॲसिडिटीच्या गोळ्या.

संध्याकाळी पोहे खातं का कोणी,
असं पौनीकरची पुण्याची सून विचारते.
आम्ही उत्तर देत नाही.
पोह्यांवर काळे चणे, चण्यांवर तर्री,
तर्रीवर तवंग इतका दाट
की ठेल्याचा बल्ब त्यात अडकून बसलेला.
रंगारीनं चमचा तोंडात घातला. कपाळावर घाम.
"आलं का बे काही?"
"जाळ आला.
तिखट म्हणजे चव नसते,
तिखट म्हणजे दुखणं असते.
तेवढं कळते मले."
ठेलेवाल्याला हे लागलं असावं.
त्यानं न विचारता अजून एक पळी ओतली.

मग सांबारवडी.
इफ्फतनं ती मधोमध मोडली, त्याच्या नाकाखाली धरली,
चक्कर आलेल्याला कांदा हुंगवतात तशी.
आत हिरवागार सांबार, खसखस, खोबरं,
वाफ उठली आणि त्याच्या चष्म्यावर बसली.
चष्म्याला कळलं.
त्याला नाही.
"कुरकुरीत आहे," तो म्हणाला, आमची मनं राखायला.
दीड वर्ष हा माणूस नुसते आवाज खातोय.

दहीकचोरीच्या गाडीवर तो मध्येच थांबला.
द्रोण हातात, दही ओघळून मनगटापर्यंत.
"नात आठ महिन्यांची झाली.
सगळे तिच्या टाळूला नाक लावतात
आन् म्हणतात, अहाहा.
मी बी लावतो.
मी बी म्हणतो, अहाहा."
कचोरी भिजून बसली.
पौनीकरनं उगाच एक गोळी चघळली.

त्यानंतर आलूबोंडा झाला, मिरचीभजी झाली,
जिलेबी झाली, पण ती आम्हीच खाल्ली,
काहीशा चोरट्यासारखी.

परतताना नाग नदीचा पूल.
इथं कुणी कुणाला सांगत नाही,
हात आपोआप नाकाकडे जातात.
इफ्फतनं ओढणी घेतली, मी रुमाल,
पौनीकरनं श्वास कोंडून स्कूटर दामटली,
तर मागून आरोळी,
"थांब! थांब बे!"

वाटलं, पाकीट पडलं.
रंगारी उतरून कठड्याशी गेला होता,
मान वर, डोळे मिटलेले.
"येऊन राहिला."
"काय?"
"वास! घाण येऊन राहिली बाप्पा, घाण!"

मागं हॉर्न. एक ऑटोवाला शिवी देऊन गेला.
सगळं शहर तोंड बांधून पूल ओलांडत होतं
आणि हा एकटा
शहराला जिचं नाव, ती नदी छातीभर घेत होता.
नोव्हेंबरची थंडी, खाली काळं पाणी,
त्यात कुठल्याशा दुकानाची निळी पाटी हलत होती.

इफ्फतनं ओढणी सोडली.
मग मीही रुमाल काढला, पौनीकरनंही.
एकेक श्वास घेतला आम्ही.
मैत्रीखातर.
पौनीकरला उमासे आले, तरी त्यानं पुरा घेतला.

"आता सांबारवडी घेऊ परत?" मी विचारलं.
"नाही. मानेवाड्याला चला. पोरीकडं."
"साडेदहा वाजले. लेकरू झोपलं असंल."
"झोपू द्या ना. मले तिची टाळूच पाहिजे."

स्कूटरवर बसता बसता तो पुन्हा उतरला.
स्वतःची बोटं हुंगली,
कपाळाला आठ्या.
"हे काही कळत नाही अजून.
तुम्ही सांगा, तर्रीचा वास येते का?
तिले घेऊ का नको या हातानं?"

पुलावर, नदीच्या त्या दर्पात,
तिघांनी आळीपाळीनं त्याचे हात हुंगले.

येत होता.