उंटाची मान

इथे वाडी म्हणजे कोरडी नदी.
आमच्याकडे वाडी म्हणजे दहा घरं, एक विहीर
आणि कुणाचं कुणाशी पटत नाही याची सगळ्यांना खबर.
सात वर्षं झाली रुस्ताकच्या दवाखान्यात,
अजूनही कुणी म्हटलं, वाडीत पाणी आलंय,
की मला वाटतं, चला, नळ आला.

शुक्रवारी नसीब बिन मर्जान म्हणाला, सिस्टर, चला.
त्याच्या आईच्या पायाची जखम मी चार महिने धुतेय,
साखरेची, हट्टी.
मी काही घेत नाही, तर हे त्याचं फेडणं.
पिकअपच्या मागे दोन शेळ्या, पुढे मी,
मांडीवर काहव्याचा थर्मास.
रस्ता संपला तिथे शेळ्या कुणाच्या तरी दारात उतरवल्या
आणि आम्ही चढू लागलो.

डोंगर असा, की गवताच्या काडीचीही उधारी नाही.
वर एक सुळका मान ताणून उभा,
पाणी दाखवलं तरी न पिणाऱ्या उंटासारखा.
गळ्यात जिथे घंटा बांधतात,
तिथे गुहा.

नसीब गुलाम हा शब्द तोंडात घेत नाही.
म्हणतो, जे वर आले ते.
खालच्या खजुराच्या बागांतून, अवसेच्या रात्री,
जे वर आले ते इथे राहिले,
कुणी आठ दिवस, कुणी दोन उन्हाळे.
आणि मग?
काही मस्कतला गेले, वकिलातीच्या झेंड्याकडे.
काही परत.
परत?
भूक, तो म्हणतो, आणि बुटातला खडा काढतो.

छताला काजळी. बोट लावलं तर अजून येते.
कोपऱ्यात पाणी ठिबकतं.
सवयीने घड्याळ लावलं: मिनिटाला अकरा थेंब.
सलाईनच्या हिशोबाने दिवसाला पाऊण लिटर, थोडं वर.
एका माणसालाही पुरायचं नाही.
किती जण होते?
एकदा नऊ, तो म्हणतो.

एका दगडाला खाच आहे, अंगठा बसेल एवढी.
इथे कडी घासायचे.
माझ्या पणजीने डाव्या पायाची घासून काढली,
उजवी राहिली, तेवढ्यात माणसं आली.

खाली तांब्याच्या कढयांत खजूर उकळायचे,
वाळवून पोत्यांत भरायचे, पोती गलबतांत, गलबतं हिंदला.
तुमच्याकडे, तो म्हणतो. आरोप नाही, नुसता पत्ता.
माझ्या ओटीत पाच खारका होत्या,
हळकुंडं, सुपाऱ्या, बदाम आणि पाच खारका.
त्या कुठल्या होत्या, ठाऊक नाही.
कुठल्या, असं विचारायची रीतच नव्हती.

मार्चमध्ये रात्री अडीचला सुजीवा आली होती.
पोट दुखतंय म्हणाली. पोट मऊ होतं.
रिपोर्ट नीट आले तरी उठेना,
दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसली.
मला सिंहली येत नाही.
पण ती कड मला कळत होती.
फॉर्मवर रकाना असतो: कफील, फोन नंबर.
मी फोन लावला.
बावीस मिनिटांत पांढरी गाडी आली.
सुजीवाने आधी चपला घातल्या,
नीट, पट्टा लावून.

हे मी नसीबला सांगितलं नाही.
तो काहवा ओतत होता.
मी माझी पाण्याची बाटली, अर्धी भरलेली,
ठिबकत्या पाण्याखाली ठेवली.
कुणासाठी? त्याने विचारलं.
मग स्वतःच म्हणाला, शेळ्या पाडतील ती.

रविवारी ड्यूटीआधी हात धुतले,
चार्टवर आहेत तशा सगळ्या पायऱ्या,
तरी नखात काळी रेघ राहिली.
पट्टी सोडताना त्याच्या आईने ती पाहिली.
जाऊन आलीस?
हो.
पाणी आहे का अजून?
आहे, मी म्हटलं.
मिनिटाला अकरा.