माप

आमच्या कोल्हापुरात बाईसुद्धा "आलो", "गेलो" म्हणते.
म्हणून तसंच सांगतो: मी पोटुशी राहिलो
आणि पहिलं कळलं ते नाकाला.

सुभाषनगरात जन्म माझा, सासरही तिथंच.
बाभळीची साल, हिरड्याचं पाणी,
ओल्या कातड्याचा तो वास
वास म्हणून मला माहीतच नव्हता.
घराला कुठं वास असतो?
मार्गशीर्षातल्या एका सकाळी कुंडीवरचं झाकण काढलं
आणि धावत मोरीत गेलो.
हौसाक्का वेणी विणता विणता नुसती हसली.
माझ्यापुढची पट्ट्यांची चळत उचलून
तिनं आपल्याकडं ओढली. बोलली काही नाही.

मग अंग माझं मला न विचारता कामाला लागलं.
दात घासताना हिरड्यांतून रक्त.
रात्री उशीवर कान टेकला की छाती अशी वाजायची
जसं शेजारच्या घरात कुणी तळ बडवतंय.
"रक्त दीडपट झालंय तुझं," मुल्लाणी सिस्टर म्हणाली,
"पंप जोरात चालणारच की."
बेंबीखाली एक काळी रेघ उतरली,
कापायच्या आधी रापीनं आखून ठेवावी तशी.
तिला हात लावायला मी घाबरायचो.

सातव्यात मांड्यांचे सांधे कुरकुरायला लागले.
कूस बदलली की हाडं एकमेकांना विचारायची, सोडू का?
सिस्टरनं नाव सांगितलं, रिलॅक्सिन.
अंगातच तयार होतं, गाठी सैल करतं,
वाट व्हावी म्हणून.
मला नवल वाटलं नाही.
कोरडं कातडं वाकवलं तर तडकतं,
रात्रभर भिजवलं की सकाळी हवं तिकडं वळतं.
एवढंच की भिजत घातलेल्या कातड्याला
आपण कोण होतो ते आठवत नाही.

सीपीआरमध्ये चौदा तास.
कळ यायची, जायची,
मधे मला चक्क झोप लागायची, दोन-दोन मिनिटांची.
"कुठवर आलीस गं?" सिस्टर विचारायची.
"आलो, आलो," मी ओरडायचो,
आणि परगावची नवी डॉक्टरीण बघत राहायची,
ही कुणाच्या तोंडानं बोलतेय.
पोरगी आली. मग वार आली.
वार कुणी दाखवत नाही, मी मागून बघितली:
ताटाएवढी, जांभळी, शिरांची नक्षी घातलेली.
नऊ महिने वापरून टाकायच्या वस्तूवर
एवढं बारीक काम कोण करतं?

तिसऱ्या दिवशी दूध उतरलं, आणि रडू.
कारण काही नव्हतं. चहा निवला होता.
"वार गेली की रक्तातलं तिचं सगळं एकदम आटतं," सिस्टर म्हणाली, "रड."
मी चहाकडं बघून रडलो.

सव्वा महिन्यानं पायांची सूज गेली.
पाय गेला नाही.
जुनी चप्पल अंगठ्यात अडते, टाच मागं लोंबते.
वाट बघितली, उतरेल म्हणून.
सिस्टर म्हणाली, पाऊल पसरलं की कधी कधी येत नाही परत.
मी अनवाणीच दुकानात बसायला लागलो.

सासरे सुनेच्या पायाला हात लावत नाहीत.
लग्नाच्या वर्षी कागदावर पाय ठेवून
पेन्सिल मीच फिरवली होती.
ते माप अजून खिळ्याला आहे, वर "शालन" लिहिलेलं.
परवा दुपारी दुकानात कुणी नव्हतं.
मामंजींनी कागद अंथरला, चष्मा लावला, खाली बसले.
"गिऱ्हाईक समज," म्हणाले, मला की स्वतःला कुणास ठाऊक.
पेन्सिल टाचेवरून आली, बोटांशी जरा थरथरली.
तेवढ्यात रस्त्यावर कुणाचंतरी पोर रडलं
आणि माझी चोळी भिजली.
मी पदर ओढला. त्यांनी मान वर केली नाही.

नवं माप जुन्यावर ठेवून त्यांनी उजेडात धरलं.
अर्धं बोट जास्ती.
जुनं फाडलं नाही. दोन्ही एकाच खिळ्याला.

मग कान कापायला घ्यायचे म्हणून
मी कुंडीवरचं झाकण काढलं.
वास आला.
आता तो येतोच.
वाईट नाही, पण येतो.