डिझेलच्या पावत्या

संग्रहालयातल्या पोरीनं विचारलं,
त्यांच्याविषयी काही सांगाल?
म्हटलं, बाई, मी गाडी हाकायचो.
सव्वीस वर्षं माझी पाठच होती तिच्याकडे.

मागे कुणीतरी गिटार सुरात लावत असायचं,
कुणी पत्ते पिसायचं,
आणि व्हर्लीन स्टिडम, जिचं गाणं त्या हिवाळ्यात
सलग अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं,
तिसऱ्या बाकावर मोजे काढून तळपाय चोळत बसायची.
मधल्या आरशात मला तेवढं दिसायचं.
स्टेजवरच्या बुटांना तीनशे खडे होते,
आतून अस्तर नव्हतं.

कागद मागायची. माझ्याकडे कसला कागद?
डिझेलच्या पावत्या द्यायचो.
नॉक्सव्हिल, पासष्ट गॅलन. पाठीमागे
बापाचा डबा:
खाणीतून येताना तो मक्याच्या पावाचा अर्धा तुकडा
मुद्दाम शिल्लक ठेवायचा,
पोरींनी भांडून खावा म्हणून.
ते गाणं तुम्ही ऐकलं असेल.
शेवटच्या ओळीत ती गावाचं नाव घेते, टॅन्झी फोर्क.
एक ओढा, एक चर्च, सतरा टपालपेट्या.
कंपनीचा माणूस म्हणाला होता,
हे नाव काढ, कुणाला कळणार आहे?
ती म्हणाली, मला कळतं.
आणि त्याच्यासमोरच सँडविच उघडून खायला बसली.

उतरण सांगायची तर मला रस्त्याचीच सांगता येते.
आधी मोठी सभागृहं, मागच्या दाराला पहारेकरी.
मग जत्रा: डुकरांचा निकाल आणि भोपळ्यांचा निकाल
यांच्या मधली वीस मिनिटं.
मग ओहायोत कुठल्याशा ट्रॅक्टरच्या दुकानाचं उद्घाटन,
चाळीस खुर्च्या, नऊ माणसं.
तिथंही एक कडवं गाळलं नाही तिनं.
परतताना म्हणाली, "ओडेल,
दुसऱ्या रांगेतली ती बाई रडत होती,
की सर्दी झाली होती तिला?"
मी म्हटलं, सर्दी.
खोटं बोललो. का, ते अजून कळलेलं नाही.

पुढे टेक्ससच्या एका पोरानं, हॅट नवीकोरी,
तेच गाणं पुन्हा म्हटलं आणि पुन्हा वर नेलं.
बोलिंग ग्रीनच्या पंपावर नळी धरून उभा होतो,
तेव्हा कर्ण्यातून आलं.
तिनं काच खाली केली. शेवटपर्यंत ऐकलं.
टॅन्झी फोर्कच्या जागी पोरगा म्हणाला, माझं घर.
"आवाज चांगलाय," एवढंच बोलली.
एलिझाबेथटाऊन मागे पडल्यावर, कुणी विचारलं नसताना:
"घर काय, सगळ्यांनाच असतं."

पैसे मात्र आले. छप्पर झालं,
बहिणीच्या गुडघ्यांचं झालं.
ते त्या पोराच्या नावावर जमा धरा.

आता बस काँक्रीटवर उभी आहे,
चाकांत हवा खरी, इंजिन काढलेलं.
शाळेच्या सहली येतात,
परवा त्या सतरा पेट्यांतलीही आली होती.
त्यांनी गाणं म्हटलं, माझं घर असंच म्हटलं,
आणि चुकलं असं एकालाही वाटलं नाही.
मी दुरुस्त केलं नाही.

पावत्या दिल्या, चारशे बारा. एक ठेवून घेतली.
कॉर्बिन, चाळीस गॅलन,
ती जायच्या आदल्या वर्षीची.
मागे गाणं नाही. पेन्सिलीनं लिहिलंय:
ओडेलला विचारायचं, सर्दीच होती का.
विचारलं नाही तिनं.

मग मला चाकामागे बसवून फोटो काढायला घेतला.
पुसताना कुणीतरी आरसा हलवलाय,
त्यात आता नुसतं छत दिसतं.
फोटोवाला म्हणाला, काका, हलू नका.

मी हललो.