दोरी

नोव्हेंबर लागला आणि कॉलेजची पोरं आली.
रस्त्यात तिपाई रोवून, दुर्बिणीतनं
आमच्या गच्चीकडं बघत राहिली बराच वेळ.
मग जिना चढून वर.
“काका, तुमची टाकी किरणात येतीय.”

बाबांची दाढी चाललेली, एका गालाला फेस.
“कुठल्या किरणात?”
“रंकाळ्याकडनं येतं बघा ऊन,
महाद्वारातनं आत, गरुडमंडप, मग पितळी उंबरा,
पहिल्यांदा देवीच्या पायावर, मग कमरेवर, मग चेहऱ्यावर.
गेल्या साली कमरेलाच थांबलं.”

उरलेला गाल होईपर्यंत बाबा गप्प.
“आणि त्यात आमची टाकी केवढी?”
पोरानं अंगठा आणि बोट यांच्यात
एक हरभरा मावेल एवढी फट दाखवली.

टाकी उतरवली रजाक बागवान आणि त्याच्या भाच्यानं.
मग डिशची छत्री. मग गंजलेला पत्रा,
ज्याच्यावर दर उन्हाळ्यात सांडगे.
दोरीचं कुणी नावच काढलं नव्हतं.
ती बाबांनी आपणहून सोडली.
“दोरीची कसली सावली?” आई म्हणाली.
“दोरीची नसंल. कपड्यांची पडती.”

त्या दोरीवर काय काय वाळलं होतं:
जोतिबाहून आलेली बंडी, जिचा गुलाल
तीन धुण्यांनंतरही पाणी गुलाबी करायचा;
आषाढात टेंबलाईला नवं पाणी घालून आलेलं,
पी-ढबाकच्या मागनं चालताना भिजलेलं
आक्काचं हिरवं लुगडं;
इराणी खणीच्या चिखलासकट गणपतीची पोरं,
म्हणजे त्यांच्या चड्ड्या;
दसऱ्याचा फेटा, सोडल्यावर
नऊ वार लांब आणि एकदम साधा.
आता दोन खुंट्या. मधे नुसतं आभाळ.

पहिल्या दिवशी ढग. दुसऱ्या दिवशी पायापर्यंत.
तिसऱ्या दिवशी गल्ली रिकामी,
सगळे देवळात, नाहीतर बाहेरच्या मोठ्या पडद्यासमोर.
बाबांनी चप्पल घातली आणि उलट दिशेला निघाले.
मी मागनं.

रंकाळ्याच्या कठड्यावर आम्ही, मधे शेंगांची पुडी.
केंदाळाच्या कडेनं म्हशी बाहेर येत होत्या,
निघायची घाई नसलेल्या पाहुण्यांसारख्या.
कारखाने सुरू झालेले, पश्चिमेला धूर,
त्या धुरात सूर्य गुळाच्या रंगाचा.
चोच मोडलेली एक हंसाची होडी
पाण्यावरच्या उजेडातनं आडवी गेली.
बाबा अर्धे उठले, तिला हाकलायला असावेत,
मग बसले.

“तुम्ही का जात नाही बघायला?”
“तिथं गर्दी.”
शेंग फोडली, दाणे मला दिले.
“आणि निघताना त्याला कोण बघतं?”
हे जरा हळूच, टरफलाला सांगितल्यागत.

सूर्य गेला. डासांनी ताबा घेतला.
फोन वाजला, आई.
मागं घंटा, माणसं, कुणीतरी रडतंय.
“चेहऱ्यावर आलं?”
“गळ्यापर्यंत म्हणत्यात.”
बाबांनी ऐकलं. हात झटकले.
“मग अजून एक टाकी असणार कुणाची तरी,”
आणि घरी येईपर्यंत
दोन्हीकडच्या गच्च्या बघत चालले,
मान वर, दोनदा ठेचकाळले.

दोरी परत बांधली नाही.
जानेवारीत पुन्हा आहेच की, म्हणाले.
सकाळी वर गेले तर
आईनं सगळं धुणं कठड्यावर आडवं पसरलेलं,
एकेका कपड्यावर एकेक वीट.