थंड इंजिन

निपाणीला तंबाखूच्या वखारीत उभी होती ती,
दोन दारांची, जर्मन, निळी,
पोत्यांच्या थप्पीत नाक खुपसून.
वखारीवर एक पाटी कानडी, एक मराठी,
गाडीवर नंबर गोव्याचा.

भरमाणीनं बॉनेटवर तळहात ठेवला,
पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
“बिसी हाय,” पुटपुटला.
कानडीत, म्हणजे मालकाला कळायला नको.
मालकालाही कानडी येत होती.
“ऊन हाय की हो,” रायगोंडा हसले.
वखारीत ऊन नव्हतं.

सकाळीच कुणीतरी उठवलं होतं तिला,
खोकून घ्यायला लावलं होतं,
पाहुणे यायच्या आत.

इंजिन थंड असतानाच खरं बोलतं.
पहिल्या चार सेकंदांत टायमिंग चेन
डब्यातल्या चमच्यांसारखी वाजली तर वाजली,
मग तेल वर चढतं आणि सगळं गोड होतं.
हे त्यानं बसमध्ये सांगितलं होतं, संकेश्वरच्या अलीकडं,
तिकिटाच्या मागं चित्र काढून.

तेलाच्या झाकणाखाली बोट: साय नाही.
धूर: निळा नाही.
“वास घे.”
वाकले. तंबाखू.
डिकीतलं कार्पेट उचललं. तंबाखू.
खाली महिनाभराची ओल असती
तरी तंबाखूच.
काय जागा शोधलीय पठ्ठ्यानं!

मीटरवर एक्केचाळीस हजार.
ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र
उंबऱ्यासारखं मधोमध झिजलेलं,
आणि सीटची उजवी कड,
उतरताना माणूस घासतो ती, पार भुगा.

मग माझी पाळी.
उद्यमबागेत सतरा वर्षं लेथवर काढलीत,
लोखंड माझ्या ओळखीचं.
लेकीनं फ्रीजवरचं चुंबक दिलं होतं,
प्लास्टिकची मिरची.
रंगावर चरा नको म्हणून रुमालात गुंडाळून
पुढून मागं नेत गेले.
दार, चिकटली. छप्पर, चिकटली.
मागच्या चाकावर, उजवीकडं,
मिरची टपकन खाली पडली.

एक हमाल पोतं टेकवून बघायला लागला.
रंगाखाली लांबी, लांबीखाली
कुठल्यातरी वळणावर
कुणाचा तरी गेलेला तोल.
“जरा खरचटलं होतं,” रायगोंडा म्हणाले,
“आंबोलीत.” थोड्या वेळानं, “चोर्ल्यात.”

गंजाला मी भीत नाही.
गंज दिसतो, त्याला भाव लावता येतो.

चालवली. कोगनोळी नाक्यापर्यंत, राज्य संपतं तिथवर.
दुसरा गिअर कुरकुरला, घेतलं ऐकून.
तिसऱ्यात ती अशी सुटली
की मी भरमाणीकडं बघायचंच टाळलं.
“हसू नको,” तो म्हणाला,
“मालक मागं बसलाय.”
मागं रायगोंडा, गुडघे कानाशी,
देवाचं नाव घेत असावेत किंवा किमतीचा आकडा.

परतीच्या बसमध्ये मिरची खिडकीच्या गजाला लावली.
ओढून काढावी लागली.
भरमाणी बोटं मोजत होता:
एनओसी नाही. टॅक्स इथला पुन्हा भरायचा.
डाव्या दिव्याची वायर उंदरानं चाखलेली.
टायर काळे कुळकुळीत, पण कडेवरचे चार आकडे वाचले तर
माझी लेक बालवाडीत होती तेव्हाचे.
“सोड,” म्हणाला.
हत्तरगी गेल्यावर: “सुटत नसली तर
दीड लाख खाली बोल.”

रात्री रायगोंडांचा फोन.
शेवटचं काय ते सांगा, दुसरं गिऱ्हाईक हाय कराडचं.
मी म्हटलं, परवा पहाटे येतो.
तोवर वखार बंद ठेवा,
किल्ली देव्हाऱ्यात ठेवा,
आणि बॉनेटला हात लावू नका कुणी.
पहिला हात आमचा.