चार जीबीच्या अलीकडे

दापोडीच्या अभ्यासिकेत अकरा कॉम्प्युटर,
कुठल्याशा कंपनीने टाकलेले, आम्ही उचललेले.
त्यांच्यात नवी सिस्टिम घालायची
म्हणजे आधी ती उतरवून घ्यायची,
पाच जीबीला जरा कमी, एकच फाइल,
आणि आमचं नेट करंगळीएवढ्या धारेचं.
हार्डडिस्क गच्च, म्हणून थेट पेनड्राइव्हवर.

पहिल्या रात्री दोन पूर्णांक एकला तुटलं.
दुसऱ्या रात्री तीनच्या आसपास,
आणि ब्राउझर म्हणाला, झालं.
पाटी पुसून गृहपाठ झाला म्हणणाऱ्या
पोरासारखा, डोळ्याला डोळा देऊन.
गुरुवारी वीज गेली. गुरुवारी ती जातेच.

मी वहीत लिहीत गेले,
तारीख, वेळ, कुठे थांबलं, कोण काय म्हणालं.
केबलवाला इर्शाद म्हणाला, खांबावरच्या डब्यात पाणी.
ढावरे सर म्हणाले, राउटर जुना.
फोनवरची मुलगी म्हणाली, बंद करून चालू करा मॅडम.
म्हटलं, आमची प्रेस बंद झाल्यापासून
मी दुसरं काय करतेय?

अल्फिया तांबोळी अकरावीला आहे.
तिने काळी खिडकी उघडली, एक ओळ लिहिली.
पहिल्यापासून कशाला मावशी,
जिथं तुटलं तिथून पुढं.
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं,
कुठल्याच बाबतीत.

मग तीन रात्री लागोपाठ
फाइल थांबली ती चारवर.
चारच्या आसपास नव्हे.
चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख
सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव.
तिन्ही वेळा पंच्याण्णव.

नारायण पेठेत बावीस वर्षं मुद्रितं तपासली मी.
चूक जागा बदलत राहिली
तर ती जुळाऱ्याची, त्याच्या झोपेची, चहाची.
तीच चूक त्याच जागी तीनदा आली
तर माणसाला बोलू नये,
खिळा तुटलेला असतो.

नेट इतक्या शिस्तीत तुटत नाही, मी म्हटलं.
अल्फियाने पेनड्राइव्ह उपसून उलटा केला,
तापकीर गल्लीतून घेतलेला, सोळा जीबीचा.
बारा मोकळे होते त्यात.
पण जुन्या घडणीचा तो,
एका फाइलीला चारच्या पुढे मोजायला
त्याच्याकडे आकडाच नव्हता.
जागा होती. मोजदाद संपली होती.

प्रेसच्या शेवटच्या दिवसाचे फोटो होते त्यावर,
ते तिच्या फोनमध्ये ठेवले, आणि तो पुसला,
नव्या पद्धतीने आखून घेतला.

शनिवारी पहाटे पूर्ण उतरली.
मी पेढे म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, थांबा, ताडून बघू.
चौसष्ट अक्षरं. तिच्यासमोर पडदा,
माझ्या हातात कागद, मूळ प्रत.
सात, सी, शून्य, ई
पहिल्यालाच ठेच. तिकडे बी होता.
पुढचंही काही जुळेना.
आत कुठेतरी एक काना हलला असेल,
तर इथे अख्खी ओळच परकी होते.
आमच्याकडे एवढं कडक नव्हतं,
आमच्याकडे वाचक समजून घ्यायचा.

पुन्हा पाच जीबी? माझा चेहरा बघून ती हसली.
टोरंटला दिली तीच फाइल,
त्याने तुकडा न् तुकडा तपासला,
हजारोंतले दोन नासके काढले,
आणि तेवढेच दोन मागवले.
शुद्धिपत्र, मी म्हटलं.
तिला तो शब्द माहीत नव्हता.

चहा गार झाला. पुन्हा वाचायला बसलो,
मी मोठ्याने, ती बोट ठेवून,
सात, सी, शून्य, ई,
चार, चार, एफ, नऊ,
घाई नको, ए की आठ? आठ.
बाहेर वर्कशॉपच्या पहिल्या पाळीची माणसं
डबे घेऊन चालली होती.
बासष्ट. त्रेसष्ट. डी.
डी, ती म्हणाली.

वही ओढली. त्या दिवसाच्या नोंदीखाली
तारीख घातली, सही केली,
आणि सवयीने लिहून गेले,
छापावे.